रूथबाईंचा पाऊण तास

व्यक्तिचित्र म्हटलं की वाचणाऱ्याची एक समजूत असते. माणूस सुरुवातीला खडूस निघणार, मधे दोनतीन किस्से होणार आणि शेवटी कळणार की वरून काटे असले तरी आत गोड गरे होते. तेव्हा आधीच सांगून टाकतो. रूथबाई साळवेंना मी सहा वर्षं सोलून पाहिलं. आत आणखी काटे होते.

कोलोनमध्ये ऱ्हाइनच्या उजव्या काठाला आमचं हॉस्पिटल. मी तिथं सर्जरीत असिस्टंट डॉक्टर, म्हणजे जर्मनीतल्या वैद्यकीय अन्नसाखळीत गवताच्या जरा वर आणि शेळीच्या बरंच खाली. रूथबाई तिथल्या दिवसभराच्या सर्जरी विभागाच्या मुख्य नर्स. सकाळी यायचं, कापून घ्यायचं, दुपारी घरी जायचं, असा तो विभाग. बाई मूळच्या नगरकडच्या. तिकडच्या कुठल्याशा मिशन हॉस्पिटलात घडल्या, विशीत इकडे आल्या आणि चाळीस वर्षं इथंच राहिल्या. त्यांच्या जर्मनला कोलोनचा हेल होता, पण मराठी येताना बरणीत भरून आणल्यासारखी होती, झाकण न उघडता मुरलेली. त्यांचा नियम असा की जर्मनमध्ये काम सांगायचं आणि मराठीत अपमान करायचा. मी येईपर्यंत चाळीस वर्षांचा अपमान साठला होता. तो सगळा त्यांनी माझ्या पहिल्याच आठवड्यात मोकळा केला.

"काय हो डाक्टर, ही गाठ तुम्ही मारली?"

"हो."

"म्हैस बांधायची होती का?"

उंची साडेचार फूट. चाल अशी की बाई कोपऱ्यावर वळायच्या आधी त्यांच्या रबरी चपलांचा आवाज वळायचा, आणि तो ऐकून वॉर्डातले रोगी आपोआप बरे व्हायचे. एका प्लंबरचं कंबरेचं दुखणं त्या आवाजानं कायमचं गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ. ते उलटं असल्यामुळे आपल्याला वाचता यायचं नाही, आणि बाईंना तेच हवं होतं. वेळ फक्त त्यांना कळावी.

रोग्यांना त्या नावानं ओळखत नसत. जागेनं ओळखत. "काखवाला आला का? मांडीवालीला सांगा, अंगठी काढ म्हणावं." आता ह्या जागा कसल्या, तर गळवांच्या. रूथबाईंचं साम्राज्य गळवांचं होतं.

गळू म्हणजे काय ते मराठी माणसाला समजवायला नको. पण मोठ्या हॉस्पिटलात गळवाची काय अवस्था असते ते बाहेर कुणाला ठाऊक नसतं. गळवानं माणूस मरत नाही, म्हणून त्याला रांगेत मान नाही. अपेंडिक्स आलं की गळू मागं. मोडका खुबा आला की गळू मागं. रोगी सकाळपासून उपाशी बसून राहतो, आणि संध्याकाळी कुणीतरी येऊन सांगतं, आज जमलं नाही, पाव खा, उद्या बघू. उद्या पुन्हा तेच. बाईंच्या आधीच्या काळात म्हणे एक इसम असा तीन दिवस ठणकत पडून राहिला. शेवटी त्याचं गळूच कंटाळलं आणि शेजारच्याच्या सुपात फुटलं. ही गोष्ट मला बाईंनी मी सूप पीत असताना सांगितली.

त्या सुपानंतर केव्हातरी बाईंनी पिवळी चिठ्ठी काढली. गळू घेऊन माणूस तातडीच्या विभागात आला की आधी बघायचं. ताप चढलेला नाही, साखर ताब्यात आहे, गळू तोंडावर नाही, मग त्याला खाटेवर अडकवायचं नाही. दुखण्याची गोळी द्यायची, पिवळी चिठ्ठी द्यायची आणि घरी झोपायला पाठवायचं. सकाळी पावणेसातला त्यानं उपाशीपोटी हजर व्हायचं. साडेसातला तीन नंबरच्या थिएटरात टेबलावर. चीर, पू बाहेर, जखम धुवायची, उघडीच ठेवायची म्हणजे आतून भरत येते. दहाला शुद्धीवर, कोरा चहा आणि दोन कडक टोस्ट. तीन मागितले तर बाई रोग्याकडे अशा बघायच्या की तो उरलेला दुसराही परत करायचा. बाराला घरी, बरोबर न्यायला माणूस पाहिजे.

ह्या सगळ्याचा जीव एका गोष्टीत होता. तीन नंबरचं थिएटर, सकाळी साडेसात ते सव्वाआठ. तो पाऊण तास गळवांचा. अपेंडिक्स येवो, खुबा येवो, साक्षात महापौरांचं पित्ताशय येवो, त्या पाऊण तासाला हात लावायचा नाही. बाईंनी तो कसा मिळवला माहीत नाही. कुणी म्हणायचं, एका संचालकाचं बुडावरचं गळू त्यांनी योग्य वेळी दाबलं होतं.

आणि तोच पाऊण तास शेफना हवा होता.

इकडे मुख्य डॉक्टरला शेफ म्हणतात. स्वयंपाकाशी संबंध नाही, तरी आमचे शेफ माणसं तळायचे. त्यांना सकाळच्या ताज्या वेळात आपल्या खासगी रोग्यांचे हर्निया करायचे होते. जानेवारीच्या एका बैठकीत त्यांनी जाहीर केलं, "तर मग, फ्राऊ साळवे. तीन महिने बघू. ह्या तीन महिन्यांत साडेसातला टेबल तीनदा रिकामं दिसलं, तर ती वेळ माझी."

बाई म्हणाल्या, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "ह्या बोक्याला सांगा, दूध अजून उतू गेलेलं नाही."

आता मी कुणाच्या बाजूचा होतो? खरं सांगतो, कारण खोटं सांगायला मला लाज वाटते असं नाही, पण खरं जास्त वाईट आहे. शेफनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की वेळ मिळाली तर हर्नियाला मदतीला तुम्हीच. सहा वर्षं मी पू काढत होतो. माझ्या बरोबरीचा ड्रेस्डेनचा एक पोरगा गुडघे बदलायला लागला होता. पुण्याला आईला लोक विचारायचे, मुलगा जर्मनीत कशाचा सर्जन? आई म्हणायची, "पोटाचा." मला तो शब्द खरा करायचा होता. बाईंचा पाऊण तास बुडाला की माझा हर्निया तरंगणार होता.

पहिला फटका जानेवारीतच बसला. बाई म्हणायच्या मी मुद्दाम केलं. देवाशपथ, मुद्दाम नव्हतं. बहुतेक. त्या दिवशी यादीत एकच रोगी होता, एक म्हातारा बेकरीवाला, मानेवर लिंबाएवढं गळू. बाहेर बर्फ. म्हातारा पावणेसातला आला तो दातांचा ताशा वाजवत. मला राहवलं नाही. दारात आलेल्याला चहा विचारावा हे आईनं शिकवलेलं. मी स्टाफच्या किटलीतून कपभर दिला. वाजत्या चपला आल्या.

"डाक्टर, ह्याच्या मिशीला काय लागलंय?"

"चहा असेल."

"कुणी दिला?"

"मी. कुडकुडत होता बिचारा."

"दुधाचा?"

"मग? कोरा कसा देणार?"

बाईंनी डोळे मिटले. त्या प्रार्थना करतायत असं मला वाटलं. त्या शब्द निवडत होत्या.

"आईनं चांगलं वळण लावलंय तुम्हाला. आता तिलाच बोलवा पुण्याहून, टेबलावर निजायला. टेबल मोकळंच आहे."

म्हाताऱ्याचं ऑपरेशन दुपारी झालं. साडेसातला शेफनी दारातून डोकावून रिकामं टेबल पाहिलं आणि एक बोट वर केलं. त्या दिवसापासून बाईंनी नियम केला. पावणेसात ते साडेसात त्या मजल्यावर कुणीही, डॉक्टरनंसुद्धा, काही खायचं नाही, प्यायचं नाही. उपाशी माणसासमोर चावणं हा गुन्हा. सफाईवाल्याच्या खिशातली गोळीसुद्धा त्या काढून घ्यायच्या. माझा रोजचा चीजचा पाव रोज सकाळी जप्त व्हायचा आणि सव्वाआठला परत मिळायचा, चीजशिवाय. चीज कुठं जायचं ते विचारायची माझी टाप नव्हती.

दुसरा फटका कार्निव्हलनं दिला. कोलोनात फेब्रुवारीच्या त्या गुरुवारी अख्खं शहर शहाणपण घरी ठेवून बाहेर पडतं. आमचा रोगी बँकेतला अधिकारी, मांडीवर गळू. पावणेसातला लिफ्ट उघडली आणि आतून एक मधमाशी निघाली. सहा फुटांची, पिवळे-काळे पट्टे, पाठीला तारेचे पंख, तोंडात गाणं. रात्रभर मंडळींबरोबर होता म्हणे, तिथून थेट आला, वेळेवर आला याचा त्याला अभिमान. बाई लिफ्टपासून वीस पावलांवर उभ्या होत्या. तिथूनच त्यांनी नाक वर केलं.

"बिअर," त्या म्हणाल्या. "चार ग्लास. आणि वर जामचा डोनट."

मधमाशी म्हणाली, "पाच." आणि रडायला लागली.

त्याला बाईंनी पंखांसकट खुर्चीत बसवलं आणि तीन वाजेपर्यंत हलू दिलं नाही. येणारे-जाणारे फोटो काढत होते. तीनला त्याचं गळू निघालं. पण साडेसातला शेफ आले होते, नाकावर लाल गोळा लावून, सणाच्या खुशीत. त्यांनी टेबल पाहिलं, दोन बोटं वर केली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. बाईंनी तो डोळा पाहिला. त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी फक्त जर्मनमध्ये बोलल्या. त्याची भीती शिव्यांहून जास्त होती.

आता उरला होता मार्च आणि एक बोट. यादीत रोज दोन दोन रोगी ठेवायला लागल्या बाई. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला स्वतः फोन करायच्या. सकाळी प्रत्येकाची जीभ बाहेर काढून बघायच्या, तोंडाचा वास घ्यायच्या, आणि मगच कागदावर 'उपाशी' लिहायच्या. इतर नर्सेस नुसतं विचारून खूण करायच्या. बाई म्हणायच्या, "माणूस पोटाबद्दल खरं बोलत नाही. नवऱ्याशी बोलत नाही, देवाशी बोलत नाही, तर माझ्याशी काय बोलणार."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बाईंना स्वतःलाच ताप भरला. दोन दिवस घरी. त्या दोन दिवसांत आल्या लिमये काकू.

काकू पुण्याच्या. मुलाकडे आलेल्या. मुलगा निनाद इथं एका सॉफ्टवेअर कंपनीत. काखेत गळू, चांगलं मोसंब्याएवढं, हात खाली येत नव्हता. संध्याकाळी तातडीच्या विभागात मीच होतो. मराठी ऐकून काकूंचा जीव भांड्यात पडला.

"अहो डॉक्टर, कापायलाच हवं का? मी पोटीस लावलं होतं."

"कापायलाच हवं काकू. उद्या सकाळी या. सकाळी काही खायचं नाही हं."

"छे हो! उद्या तर माझी चतुर्थी आहे. मी अन्नाला शिवत नाही."

"वा! मग तर प्रश्नच मिटला," मी म्हणालो, आणि पिवळी चिठ्ठी दिली. यादीतला दुसरा रोगी रात्री ताप चढल्यामुळे वॉर्डात भरती झाला. सकाळसाठी उरल्या एकट्या काकू.

सकाळी बाई हजर. डोळे लाल, आवाज बसलेला, चपला शाबूत. काकू पावणेसातला आल्या, निनाद पिशवी धरून मागं. बाईंनी त्यांना बसवलं. "काय घेतलं का सकाळी?"

मराठी प्रश्न ऐकून काकू प्रसन्न झाल्या. "काही नाही हो. माझा उपास."

"जीभ."

काकूंनी जीभ काढली. बाई वाकल्या. हुंगलं. पुन्हा हुंगलं. तापानं नाक चोंदलेलं, तरी त्या नाकाला काय कळलं ते मला तेव्हा कळलं नाही. त्या सावकाश सरळ झाल्या.

"शेंगदाण्याचं कूट," त्या म्हणाल्या. "तूप. जिरं."

"ती होय," काकू म्हणाल्या, "पहाटे पाचला थोडी साबुदाण्याची खिचडी केली. प्रवासात चक्कर यायला नको म्हणून. ते काय खाणं आहे का? फराळ आहे."

"किती?"

"एकच वाटी. आणि परत एकदा अर्धी."

कुठल्याही जर्मन नर्सनं 'उपाशी' अशी खूण करून काकूंना आत ढकललं असतं. भूल चढली असती, साबुदाणा वर आला असता, आणि पुढचं मी लिहीत नाही. निनाद पांढराफटक पडला होता. पण त्याला ऑफिसची सुट्टी एकच दिवस मिळाली होती, आणि आई रात्रभर कण्हत होती.

"सिस्टर, प्लीज. नुसता साबुदाणा आहे हो. पाण्यासारखाच असतो तो."

"फुफ्फुसात गेला तर मोत्याची माळ होईल का त्याची?"

"मग जागेवरच बधिर करून..."

"एवढ्या पुवात इंजेक्शन चढत नाही. पूर्ण भूलच लागंल. साडेबाराला करू. बसा."

माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगू? हर्निया नाचत होते. झालर लावलेले, वाजंत्री घेतलेले हर्निया. घड्याळात सात दहा. वीस मिनिटांनी शेफ डोकावणार, टेबल रिकामं, तिसरं बोट वर. आणि ह्यात माझा काय दोष? मी तर सांगितलं होतं, काही खायचं नाही.

रूथबाई खुर्चीवर बसल्या. सहा वर्षांत मी त्यांना प्रथम बसलेलं पाहिलं. हात मांडीवर, नजर जमिनीवर. त्यांचा पाऊण तास गेला होता आणि त्यांना ते ठाऊक होतं. उद्यापासून गळवं पुन्हा रांगेच्या शेपटाला, पुन्हा तीन दिवसांचे उपास. मी चेहऱ्यावर दुःख आणायचा प्रयत्न करत होतो. अर्धंच आलं असेल.

मग त्यांनी मान वर केली.

"तुम्ही का नाही बसत, डाक्टर?"

"उभा बरा आहे."

"बसा की. खुर्ची आहे."

"नको."

"शनिवारपास्नं तुम्ही बसलेला नाही." बाई उठल्या. "काल कागद उभ्यानं लिहिले म्हणं. मी घरी होते, पर मला समदं कळतं. परवा कँटीनमध्ये खांबाला टेकून जेवलात, घोड्यावाणी."

इथं मला एक कबुली द्यावी लागते. होतं. उजव्या बाजूला, बसायच्या बरोबर जागी. गळवांचा डॉक्टर आणि गळवाचाच रोगी, हे कुणाला कळू नये म्हणून मी गुपचूप गोळ्या खात होतो.

"सकाळी काय खाल्लं?" बाईंनी विचारलं.

मी पळायला हवं होतं. पण प्रश्नाचं उत्तर त्यांना माहीतच होतं. माझा पाव त्यांच्याच कपाटात बंद होता.

पुढची अठरा मिनिटं मला तुकड्यातुकड्यात आठवतात. गाऊन चढवलेला, तोही मागून उघडा. उवे, आमचा भुलीचा डॉक्टर, हसत हसत हातात सुई लावतोय. बाई एकामागून एक कागद पुढं करतायत. जर्मनीत कागदाशिवाय पुवालाही बाहेर पडता येत नाही. भुलीची संमती, ऑपरेशनची संमती, माहितीची गुप्तता, घरी न्यायला कोण येणार.

"ह्यावर सही. ह्यावर. हिथं पण. वाचू नका, वेळ नाही."

"बाई, मी रीतसर नकार..."

"नकाराचा कागद वेगळा असतो. तो संपलाय."

मी सात सह्या केल्या. गुरासारखं ढकलत त्यांनी मला तीन नंबरमध्ये नेलं. उवेनं औषध सोडलं. मिटत्या डोळ्यांनी मी दार उघडताना पाहिलं, शेफ उभे, एक हात वर नेण्याच्या तयारीत.

पुढचं उवेनं मला सांगितलं, आणि तो आजही वाढदिवसाच्या पार्ट्यांना सांगतो. शेफनी टेबल भरलेलं पाहिलं. हात हवेतच राहिला.

"सर्जन कुठं आहे?"

"टेबलावर," बाई म्हणाल्या, आणि ग्लव्हज उघडून शेफपुढं धरले. "साडेसहाचंच माप ना तुमचं?"

प्रोफेसर, दोन शहरांतून व्याख्यानांना बोलावणी असलेला माणूस, त्यानं त्या सकाळी आपल्याच असिस्टंटच्या बुडाचं गळू कापलं. बाईंनी घड्याळात बघून सांगितलं, "चीर, सात एकतीस." शेफनी काम छान केलं असं म्हणतात. मला बघता आलं नाही.

शुद्धीवर आलो तर कोरा चहा, दोन टोस्ट, आणि शेजारच्या खाटेवर आपल्या साडेबाराची वाट बघत लिमये काकू.

"अहो डॉक्टर! तुम्हीसुद्धा? तुम्हाला कुठं झालं होतं?"

"पाठीला, काकू."

पडद्यामागून आवाज आला, "पाठीच्या खाली. बरंच खाली."

काकूंचं ऑपरेशन साडेबाराला झालं. संध्याकाळी निनादनं एकाच गाडीतून दोघांना घरी पोचवलं, काकू पुढं हात वर करून आणि मी मागच्या सीटवर पालथा. उतरताना काकूंनी डबा दिला. खिचडी होती. उत्तम होती, हे कबूल करावं लागतं.

मार्च संपला. बोटं दोनच राहिली. पण शेफ लेचेपेचे नव्हते. जूनअखेर बाई निवृत्त होणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी नवी अट घातली. बाईंनंतर एखादा डॉक्टर लेखी, स्वतःच्या नावानं, रोज पावणेसातला त्या पाऊण तासाची जबाबदारी घेणार असेल तरच तो चालू राहील. नाहीतर जुलैपासून हर्निया. मी निर्धास्त होतो. असा गाढव आमच्या विभागात कोण होता? सगळ्यांना मी चाचपून ठेवलं होतं. जूनमध्ये तर मी घड्याळाचा गजर पुढे सरकवण्याच्या गोड विचारात झोपायचो.

निरोपाच्या दिवशी सगळे जमले. इकडे केक आणायचा तो जाणाऱ्यानंच. बाईंनी आणला नव्हता. समारंभ सकाळी होता आणि खुर्च्यांवर दोन रोगी उपाशी बसले होते. शेफनी भाषण केलं. बाईंच्या निष्ठेबद्दल, शिस्तीबद्दल बोलले, आणि मग म्हणाले, "आणि मला आनंद आहे," त्यांचा चेहरा आनंद नाकारत होता, "की हेर बर्वे यांनी मार्चमध्येच लेखी हमी दिली आहे. खरंच, हेर बर्वे, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

हेर म्हणजे श्रीयुत, आणि बर्वे म्हणजे मी.

त्यांनी कागद वर धरला. माझी सही. जराशी थरथरलेली, खाली तारीख, तारखेपुढं वेळ. सात अठ्ठावीस. सहा कागद माझ्या बुडाचे होते आणि सातवा हा, शेफची अट यायच्या आधीच बाईंनी ती ओळखून तयार ठेवलेला.

टाळ्या पडत होत्या. मी बाईंना कोपऱ्यात गाठलं.

"बाई, ही फसवणूक आहे. मी भुलीखाली होतो!"

"भूल सात एकोणतीसला. मी लिहून ठेवलंय."

"माझा हर्निया होता तो! मला पोटाचा सर्जन व्हायचंय. जन्मभर मी पूच काढत बसू?"

"सर्जन?" त्यांनी माझ्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता तरी काहीतरी बरं बोलतील. चाळीस वर्षांची नोकरी संपताना माणूस मऊ होतो असं ऐकलं होतं. "डाक्टर, तुमची गाठ अजून म्हशीचीच आहे. हर्निया सुटला असता. गळवाला टाके लागत नाहीत, म्हणून तुम्हाला निवडलं."

आणि उपाशी बसलेल्या काखवाल्याकडे निघून गेल्या.

पुढच्या सोमवारी मी पावणेसातला हजर होतो. गेलो नसतो तर शेफ दुसऱ्या दिवसापासून हर्निया लावणार होते, आणि तेच तर मला हवं होतं. मग का गेलो? सही होती म्हणून. जर्मनीत सहा वर्षं राहिलं की माणूस स्वतःच्या सहीला घाबरायला लागतो. दुसरं कारण नाही, आणि कुणी शोधायलाही जाऊ नये. यादीत एक मांडीवाली होती, शाळेत शिकवणारी. तिची जीभ पाहिली. वास घेतला. मला कशाचाही वास आला नाही, पण घेतला. माझा पाव मीच कपाटात ठेवला.

सात पंचवीसला हात धुवायला उभा राहिलो. तिथल्या खिडकीतून समोरचा ट्रामचा थांबा दिसतो. थांब्यावर पावसाळी कोट घातलेली साडेचार फुटांची एक बाई उभी होती, हातात भाजीची पिशवी. एक ट्राम आली, थांबली, गेली. बाई तिथंच. दुसरी आली, गेली. बाई तिथंच. त्यांनी इमारतीकडे एकदाही पाहिलं नाही. कोट बाजूला करून छातीवरच्या त्या उलट्या घड्याळात पाहत होत्या. ते घड्याळ हॉस्पिटलचं होतं, परत करायचं असतं. मी हात हलवला नाही. हलवला असता तर पुन्हा धुवावे लागले असते.

आत आलो. शिक्षिका झोपली होती, कापड अंथरलं होतं, माझ्या हातात पातं होतं. शेफ दारात उभे होते. भिंतीवरचा फोन वाजला. नवी नर्स घेऊन ऐकत राहिली, म्हणाली, "नाही, अजून नाही," आणि गोंधळून तिनं फोन माझ्या कानाला धरला.

"डाक्टर," आवाज आला, मागं ट्रामची घंटा, "सात बत्तीस झाले."

फोन बंद.

मी मराठीत एक शब्द उच्चारला. तो नगरकडचाच आहे, त्यांच्याकडूनच शिकलो, आणि इथं छापता येणार नाही.

"म्हणजे काय?" नर्सनं विचारलं.

"चीर," मी म्हणालो. "लिहा. सात बत्तीस."

शेफ दार लोटून निघून गेले.